थांबलेल्या रेकॉर्डवरची पावलं

जुनं टर्नटेबल निवडून द्या म्हणता? देतो की. धंदाच आहे माझा. लोकांच्या घरी स्टिरिओ बसवण्यात केस पांढरे झाले. फक्त एक आधीच सांगून ठेवतो. जोडायला मी येईन, पण नापसंत पडलं तर परत न्यायला येणार नाही. ते तुमचं तुम्ही न्यायचं. का, ते ऐका. हसू आलं तर हसा खुशाल, मला राग नाही.

माझी मोठी बहीण, ताई. भावोजी गेले आणि दीड वर्षात हिची नजरही गेली. पण हट्ट कायम, राहीन तर एकटी आणि स्वतःच्याच घरात. मी तिला नवाकोरा स्टिरिओ बसवून दिला, दोन झकास स्पीकर. तर म्हणते, "हे सगळं ठीक आहे रे, पण ह्यांच्या रेकॉर्डी मी कशावर ऐकू?" भावोजींचं टर्नटेबल माझ्याच हातून पडून मोडलं होतं. त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

गेलो जुन्या मालाच्या दुकानात. भर दुपार, बाहेर गाड्यांचा गोंगाट. दुकानवाल्या बाई चष्मा कपाळावर चढवून डब्यातले स्क्रू निवडत होत्या. त्यांनी दोन टर्नटेबलं पुढे केली. एक हलकं, दिसायला नटवं. दुसरं लाकडी पेटीचं, इतकं जड की सरकवताना माझ्या कमरेत कळ आली.

माझी एक परीक्षा असते. रेकॉर्ड ठेवतात ती थाळी फिरवायची नाही. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवायची, आवाज वाढवायचा आणि टेबलावर ठोकायचं. यंत्र भिकार असेल तर ते ठोकणं स्पीकरमधून धाडधाड ऐकू येतं. खोलीत कुणी चाललं तरी त्याची पावलं वाजतात. चांगल्या यंत्रातून काही म्हणजे काही येत नाही. नटव्याने पहिल्याच टिचकीला बोंब मारली. मग जडवाल्यावर सुई टेकवून ठोकलं. शांत. मूठ आपटली. तरी शांत. वा! मी तर खूशच झालो.

आणि मग पावलं वाजली.

सावकाश, मोजून टाकल्यासारखी. चार... मग थोडं थांबून पुन्हा चार.

"वर कुणी चालतंय का हो?" मी विचारलं.

"वर गच्ची आहे. तिला कुलूप असतं." बाईंनी मान वर केलीच नाही. "तुम्ही ते हलकं न्या ना."

मला वाटलं, चांगला माल दुसऱ्या कुणासाठी दाबून ठेवताहेत. मी पडलो फाजील शहाणा! जडच उचललं.

"एक करा," बाई हळूच म्हणाल्या. "रेकॉर्ड लावा, ऐका. ही तुमची परीक्षा मात्र घरी करू नका."

ऐकतो कशाला मी? ताईकडे पोचलो आणि कामाला लागलो. जुन्या टर्नटेबलमधून आवाज इतका बारीक निघतो की नव्या स्टिरिओला तो पुरत नाही, मध्ये प्रीॲम्पची एक डबी लावावी लागते. ती लावली, तारा जोडल्या. ताई दोन स्पीकरच्या बरोबर समोर खुर्चीत येऊन बसली, शाळेत पहिल्या बाकावर बसावं तशी. मी रेकॉर्ड ठेवली आणि हाताला सवय म्हणून आधी परीक्षाच घेतली.

दुकानात एकच स्पीकर होता. इथे दोन, म्हणून इथे कळलं की पावलं कुठून कुठे चाललीत. ती डावीकडून आली, लांबून. लाकडी जमिनीवर टाच पडावी तसा आवाज, आणि ताईच्या घरात तर फरशी. मग ती मधोमध आली. मग मधूनच पुढे, जवळ... अजून जवळ... आणि ताईच्या खुर्चीपाशी थांबली.

ताईचा चेहरा उजळला.

"हे आलेत का रे?" ती कुजबुजली.

माझी तर पाचावर धारण बसलेली. तिने मान तिरकी करून कान दिला. अजून एक पाऊल पडलं... आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"नाही रे... हे ह्यांचं पाऊल नाही. बंद कर. ते आधी घराबाहेर ने!"

मी झटक्यात सुई उचलली. आवाज तुटला. आमच्या धंद्यात एकच नियम. दोष ज्या यंत्रात, ते यंत्र काढलं की दोष गेला. तारा उपसल्या, पेटी छातीशी धरली. "अर्ध्या तासात आलोच, दार ओढून घेतो," म्हटलं. "लवकर ये हं," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तरीही मी तिला एकटीला ठेवून निघालो.

दुकानात बाईंनी मला बघताच पेटी ओढून घेतली. एक रेकॉर्ड ठेवली, थाळी न फिरवता सुई टेकवली आणि आवाज पार शेवटपर्यंत चढवला. आम्ही दोघं कान लावून उभे. एक मिनिट गेलं, पाच गेली. काही नाही.

"चला, सुटलो एकदाचे," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत.

"सुई कधी उचललीत? पावलं परत गेल्यावर ना?"

"छे हो. ती जवळ आली तेव्हाच."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परत जाईपर्यंत थांबायचं असतं हो..." त्या एवढंच म्हणाल्या.

मी तिथूनच ताईला फोन लावला. बराच वेळ वाजला. अखेर तिने उचलला.

"ताई! बरी आहेस ना गं?"

"अरे, हा काय चावटपणा?" ती चक्क हसत होती. "शेजारी बसून फोन कसला करतोस?" मग म्हणाली, "...आल्यापासून एक शब्द बोलला नाहीस. आणि हात सोड की आता, दुखतोय माझा."