टायर पलीकडे गेला कसा?

"अगं टिटवे, हळू! भोपू हायवेच्या पलीकडे राहतो, चंद्रावर नाही!" दादा कानांवर हात ठेवून ओरडला.

"मग तू हाक मार की!" टिटवी कुंपणावर आणखी वर चढली. गाड्या सुसाट चालल्या होत्या. त्यांच्या मधल्या फटीतून हात हलवणारा भोपू दिसायचा आणि पुन्हा गडप व्हायचा. पायी ओलांडायची सोय नाही, आणि भोपूच्या बाबांना रोज गाडीने सोडायला सवड नाही. त्यामुळे सुट्टीतल्या भेटी या अशाच!

त्यात सकाळीच भोपूचा फोन आला होता. हायवेच्या कडेने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी छान वाट होणार होती, पण ती फक्त अलीकडून. पलीकडची वस्ती चक्क वगळली होती! ते कळल्यावर भोपूच्या आईने सांगून टाकलं, "शाळेसाठी असा जीव मुठीत धरून किती दिवस हायवे ओलांडायचा? सुट्टी संपली की शाळा बदलायची." पहिलीपासून टिटवीच्या बाकावर बसणारा भोपू! ऐकल्यापासून ती सारखी कुंपणावर चढून त्याला हाका मारत होती.

"दादा, ते बघ! टायर!"

पंक्चरवाल्याचा कुत्रा टायर. आत्ता इथे बिस्किट खात होता आणि आता तिकडे भोपूचे हात चाटत होता!

"ओलांडून गेला असेल," दादा म्हणाला.

"टायर? तो हॉर्न वाजला तरी टेबलाखाली घुसतो!"

हे मात्र दादालाही पटलं. दुसऱ्या दिवशी दोघं टायरच्या मागावर निघाले. टायर शेपटी हलवत निघाला तो थेट झुडपांत. तिथे केबलचे मोठाले रिकामे ड्रम पडले होते. रस्ता रुंद करणारे कामगार ते टाकून गेले आणि विसरले. टायर दोन ड्रमच्या मधून सुळकन आत!

"आत साप असला तर?" टिटवी कुजबुजली.

"तू फक्त किंचाळ. तोच पळून जाईल!"

दोघांनी जोर लावून एक ड्रम सरकवला. आत काँक्रीटचं भुयार होतं! दादा हात वर करून उभा राहिला तरी छताला बोटं लागेनात. तळ कोरडा ठणठणीत. डोक्यावरून ट्रक गेला की सगळं घुमायचं. टॉर्च धरून, काठी आपटत दोघं पुढे गेले आणि काटेरी झुडपं बाजूला करून बाहेर आले, तर समोर भोपूचं घर!

"तुम्ही?" भोपूच्या हातातला पेला पडता पडता राहिला.

संध्याकाळी वाचनालयात वाटेबद्दल सभा होती. टिटवी धीर करून उभी राहिली.

"काका, पलीकडच्यांना का वगळलंत?"

"बाळ, तिकडे जायला रस्ताच नाही," वाटेचा आराखडा करणारे इंजिनिअरकाका समजुतीने म्हणाले. "मी स्वतः जागेवर जाऊन पाहणी केलीय."

"चालत?"

"चालत कशाला? गाडीतून!"

सभेत खसखस पिकली.

"मग शर्यत लावू या! तुम्ही गाडीने भोपूच्या दारात या, आम्ही चालत येतो. हरलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही!"

टाळ्या पडल्या. आता माघार कशी घेणार? काका गाडीत बसले, लांबच्या चौकातून वळसा घालून पोहोचले. बघतात तर दोघं पायरीवर बसून भोपूबरोबर सरबत पीत होते! मागून निम्मी सभा झुडपांतून बाहेर पडत होती.

"उडत आलात की काय?" काकांनी डोळे विस्फारले.

मुलांनी त्यांना भुयारात नेलं. काकांनी भिंती ठोकून पाहिल्या, मान उंचावून छत तपासलं. "नकाशात ही पाण्याची मोरी म्हणून दाखवलीय. मी बारीक नळी समजलो," ते खजील होऊन म्हणाले. "चुकलंच माझं. गाडीच्या काचेतून काय दिसणार? ड्रम उद्याच हलवतो. पावसाचं पाणी बाजूने काढू, आत दिवे लावू. शाळा उघडायच्या आत वाट इकडे आणतो! शाबास रे पोरांनो!"

सगळे पाठ थोपटत होते, पण टिटवीचं लक्ष भोपूच्या आईकडे होतं. आईने दादाचा टॉर्च मागून घेतला आणि एकटीच भुयारात शिरली. डोक्यावरून ट्रकमागून ट्रक जात होते. भोपूने टिटवीचा हात घट्ट धरला.

बऱ्याच वेळाने आई परत आली. तिने टॉर्च बंद केला.

"हा सकाळी लवकर उठत नाही गं," ती टिटवीला म्हणाली. "शाळेत जाताना रोज हाक मारायला येशील?"

"येईन! रोज येईन!" टिटवी म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत तिला रडूच फुटलं.