एक फोन जोडलेला आहे

शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, आमची इमारत आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि उन्हाळ्यात तिच्यातून नदीपात्राचा वास येतो. माझ्या नवऱ्याला, श्रीधरांना, पक्षाघाताचा पहिला झटका आल्यावर त्यांचा पलंग आम्ही त्याच खोलीत आणला. रस्त्याचा आवाज येत राहिला की माणसाला एकटं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पलंगासमोर भिंतीला लागून टेबल आणि टेबलावर लॅपटॉप.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. खडकवासल्याहून शहरात येणाऱ्या पाण्याचे नमुने तपासायचे. जो आकडा येईल तो तसाच लिहायचा, आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही. श्रीधरांसाठी मी नोकरी सोडली, ही सवय मात्र सुटली नाही. म्हणून जे झालं ते तसंच सांगते.

श्रीधरांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. उजवी बाजू गेली, जीभ वळेना, आणि दुकान बंद झालं. डोकं मात्र शाबूत होतं आणि डाव्या हाताचा अंगठा चालत होता. त्या अंगठ्यासाठीच त्यांच्या भाच्याने, सलिलने, एक सोय करून दिली. तो हिंजवडीला कंपनीत आहे.

"मामी, मामांचा फोन म्हणजे आता माउस समजा," तो म्हणाला. "आणि कीबोर्डपण. फोनवर अंगठा फिरवला की लॅपटॉपवरचा बाण फिरणार. टाइप केलं की तिथे उमटणार. फक्त दोन्ही सेम वाय-फायवर पाहिजेत. फोन घराबाहेर गेला की डिस्कनेक्ट."

लॅपटॉपच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आलं, 'एक फोन जोडलेला आहे'. श्रीधरांनी बराच वेळ खटपट केली. मग कोऱ्या पानावर शब्द उमटले. 'सलिल शिकलेला दिसतो'.

सलिल हसला. मीही हसले असेन.

त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं त्या पडद्यावर झालं. ते एकेका शब्दात लिहीत. 'चहा'. 'पंखा'. 'पेपर'. विरामचिन्हं शोधायचा त्यांना कंटाळा. कधी पुढे 'बाई' लावत. सुट्टीच्या दिवशी दुकानात बसले की मी गिऱ्हाइकांना शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगते, म्हणून लग्नानंतर लगेच हे नाव पडलं होतं. त्यांचा अंगठा थरथरायचा, त्यामुळे बाण नेहमी हव्या त्या जागेच्या थोडा पुढे जायचा, थांबायचा आणि मागे यायचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तरी बाण श्रीधर हलवताहेत की मी मघाशी हलवला होता तो तिथेच पडलाय, हे मला कळायचं.

वर्षभर एखाद्याचं सगळं करत राहिलं की आपल्या आतलं काहीतरी हळूहळू बंद होतं. दुःख होत नाही, कंटाळाही येत नाही. हात कामं करत राहतात.

मार्चमध्ये त्यांना ताप आला, आणि तापात दुसरा झटका. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. ते शुद्धीवर नव्हते. नर्सने मला त्यांच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या, चष्मा, घड्याळ आणि फोन. फोनची बॅटरी संपली होती. मी पिशवी पर्समध्ये टाकली आणि आंघोळीसाठी घरी आले.

डॉक्टरांना जुने रिपोर्ट हवे होते, ते लॅपटॉपमध्ये होते. मी कुकर लावला आणि टेबलाशी बसले. दुपार होती. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी रिपोर्ट शोधला आणि सलिलला पाठवायला माझा फोन हातात घेतला.

पडद्यावरचा बाण हलला.

तो सरळ वरच्या कोपऱ्याकडे गेला, थोडा पुढे गेला, थांबला, मागे आला. कोरं पान उघडलं.

'बाई खिडकी'.

मी उठले आणि खिडकी लावली. आधी लावली, मग विचार केला.

कोपऱ्यात लिहिलं होतं, 'एक फोन जोडलेला आहे'. मी पर्समधून फोन काढला. बटण दाबून पाहिलं. तो बंदच होता, काचेवर माझा चेहरा दिसत होता.

संध्याकाळी सलिल घरी आला. मी त्याला सांगितलं तेव्हा तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने लॅपटॉप ओढून घेतला.

"बग असणार, मामी. जुनं सेशन अडकलंय. किंवा शेजारचं कुणीतरी आपलं वाय-फाय वापरतंय." त्याने पासवर्ड बदलला. जोडलेल्या फोनचं नाव उघडून पाहिलं.

"कुणाचा आहे?" मी विचारलं.

"दाखवतंय मामांचाच. पण ते चुकीचं दाखवतंय." त्याने भिंतीवरच्या राउटरचं बटण बंद केलं. कोपऱ्यातली अक्षरं गेली. "हे असंच राहू दे. तुम्ही दमलायत. दोन दिवस माझ्याकडे राहायला या ना."

"बघते," मी म्हणाले.

तो गेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले, चप्पल काढली, आणि राउटर सुरू केला. का, ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी दाराबाहेर उभं असावं आणि आपण कडी लावून बसावं, तसं वाटत होतं एवढंच.

बाण लगेच हलला. 'चहा'.

मी चहा केला आणि कप पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला. पलंगावर चादर ताणून घातलेली होती. मग मी टेबलाशी बसून त्यांच्या शब्दाखाली लिहिलं, 'कुठे आहात?'

'घरी'.

'दवाखान्यात कोण आहे मग?'

बाण बराच वेळ एका जागी थरथरत राहिला. चहावर साय धरली.

त्या आठवड्यात माझे दिवस असे जायचे. सकाळी दवाखाना. काचेच्या दारापलीकडे श्रीधर, नाकात नळी, दोन्ही हात चादरीवर. मी त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे बघत बसायचे. तो हलत नसे. मी नर्सला विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "नाही हो, काहीच हालचाल नाही." दुपारी घर. पंखा, पेपर, चहा. मला भीती वाटायला हवी होती. मी ती स्वतःमध्ये शोधली, पण सापडली नाही.

मग डॉक्टरांनी मला आणि सलिलला खोलीत बोलावलं. मेंदूवर दाब आहे, म्हणाले, कवटीचं ऑपरेशन करावं लागेल. धोका आहे, पण नाही केलं तर आशा नाही. "घरी विचार करा आणि उद्या सांगा."

घरी मी सगळं सविस्तर लिहिलं, श्रीधरांना आवडायचं तसं, एकही गोष्ट न गाळता. शेवटी विचारलं, 'करायचं का?'

'नको'.

'का?'

'त्याला राहू दे मी इथे आहे'.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी इतकं लांब वाक्य बऱ्याच महिन्यांत लिहिलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला.

सकाळी सलिल कागद घेऊन उभा होता. त्याचे डोळे सुजले होते. "मामी, प्लीज," तो म्हणाला. मी सही केली. माझ्या जागी कुणीही केली असती.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांना वाटलं होतं त्याहून चांगलं. श्रीधरांनी डोळे उघडले, मग बोटं हलवली. आणि एके सकाळी मी आत गेले तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पद्मजा."

वर्षाहून अधिक काळ मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. आवाज तोच होता. सलिल बाहेरच्या बाकावर बसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले.

ते घरी आले. पलंगावर बसू लागले. उजवा हातही थोडा उचलायला लागला. दिवसा मदतीला शालू म्हणून एक बाई येत असे, लोणी काळभोरकडची. ती म्हणायची, "साहेब लई शांत मानूस हाय." ते खरं होतं. ते शांत होते. मी पिठलं वाढलं तर म्हणायचे, "छान झालंय." श्रीधर माझ्या स्वयंपाकाला इतक्या वर्षांत कधी छान म्हणाले नव्हते. फार तर म्हणायचे, "खाण्यासारखं आहे." त्यांनी मला एकदाही 'बाई' म्हटलं नाही. चहा नको म्हणायचे, दूध मागायचे.

मी डॉक्टरांना सांगितलं. "मेंदूला इजा झाली की स्वभावात बदल होतात," ते म्हणाले. "तुमच्या केसमध्ये चांगल्यासाठी झालेत. तक्रार करू नका."

मी केली नाही. तो आकडा मी तसाच लिहून घेतला. पण मनातल्या मनात मी त्यांना 'तो' म्हणायला लागले होते.

लॅपटॉप ते घरी आल्यापासून मिटलेलाच होता. एका दुपारी शालू लवकर गेली. तो डोळे मिटून पडला होता. मी लॅपटॉप उघडला.

कोपऱ्यात लिहिलं होतं, 'एक फोन जोडलेला आहे'. फोन कपाटात होता. दवाखान्यातून आणल्यापासून मी तो चार्जही केला नव्हता.

बाण थोडा पुढे गेला, थांबला, मागे आला.

'बाई हा कोण'.

मी मागे वळून पाहिलं. त्याने डोळे उघडले होते. तो पडद्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"त्याला उत्तर देऊ नकोस," तो म्हणाला.

"कोणाला?"

"थकेल तो. थांबेल आपोआप." आणि त्याने माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, लहान मुलाला धीर देतात तशी. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

मी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी मी त्याला दूध दिलं, अंग पुसलं, पाठीला पावडर लावली. पाठीवरचा जन्मखुणेचा डाग जागच्या जागी होता. डोक्यावरच्या टाक्यांची जागा भरत आली होती.

त्यानंतर मी राउटर बंद करून पाहिला. एका दुपारपुरता. घर इतकं रिकामं वाटलं की मी पुन्हा उठून बटण दाबलं. पलंगावरून तो बघत होता.

पडद्यावर आता प्रश्न येत नसत. फक्त जुने शब्द. 'पंखा'. 'पेपर'. मी पंखा लावायचे. पेपर उघडून ठेवायचे. पलंगावरून तो म्हणायचा, "थंडी वाजतेय." मी पंखा बंद करायचे. मग पुन्हा 'पंखा'.

सलिल येऊन गेला. मामांशी गप्पा मारून खूश झाला. जाताना जिन्यात म्हणाला, "मामी, तुम्ही मात्र खूप उतरलायत."

"झोप होत नाही," मी म्हणाले.

काल दुपारी ऊन फार होतं. गल्लीत कुणी नव्हतं. तो जेवून झोपला होता, तोंड किंचित उघडं, डावा हात पोटावर. मी टेबलाशी बसले होते.

बाण सावकाश आला. आज थरथर कमी होती.

'झोपला'.

मी लिहिलं, 'हो.'



मग, 'उशी'.

मी कपाटातून जादाची उशी काढली. स्वच्छ अभ्रा घातला. ती दोन्ही हातांत धरून खोलीच्या मध्ये उभी राहिले. कुठे ठेवू, ते कळेना. पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवावी म्हणून वाकले.

डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्यावर काहीतरी उमटलेलं दिसलं. मी वळून वाचलं.

'मला नको त्याला'.

मी पुन्हा पलंगाकडे पाहिलं.

त्याचे डोळे उघडे होते. तो पडद्याकडे बघत नव्हता. तो उशीकडे बघत होता.

आम्ही दोघं तसेच राहिलो. बाहेर कुठेही आवाज नव्हता.

मग त्याने मान थोडी वर उचलली, खाली उशी सरकवायला मला जागा करून द्यावी तशी, आणि डोळे मिटून घेतले.