लेम सोनचे जुने पाहुणे

थायलंडच्या समुद्रकाठी, लेम सोन गावात, ऑक्टोबर सरत आला होता. विथून मास्तर ऊन चढायच्या आत जागेच्या राखणदाराला हार घालायला अंगणात उतरले. कोपऱ्यात खांबावर उभं केलेलं ते हातभर देऊळ त्यांच्या बहिणीच्या, समॉनच्या, गेस्ट हाउसइतकंच जुनं होतं. मास्तरांच्या हातात झेंडूचा हार होता आणि लाल सरबताची बाटली, स्ट्रॉ घातलेली.

"काय मास्तर, तुमच्या आकड्यांतून आज किती गोरे उतरले?" रस्त्यापलीकडून तोयनं विचारलं. तिच्या मालिशच्या दुकानात चार गाद्या होत्या आणि चारही रिकाम्या.

"पेपरात आलंय, विमानतळावर जवळजवळ पूर्वीइतकी माणसं उतरतायत."

"मग ती विमानतळावरच राहत असतील. इथवर तर कुणी पोचत नाही."

मास्तरांनी बाटली देवळापुढे ठेवली. बँकॉकच्या विद्यापीठात चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला हा माणूस. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं समॉनच्या बारा खोल्या पाडून तिथे टॉवर उभा करायचा ठरवला, तेव्हा त्यांनीच आलेख काढून तिला दाखवले होते. सही करू नकोस, पर्यटन सावरतंय, एक हंगाम थांब. एकाचे दोन हंगाम झाले. समुद्रकाठच्या खुर्च्यांचं कापड उन्हानं विरलं. आकडे खरंच चढत होते, आणि गल्लीत कुत्री झोपत होती. आपल्याला आकडे वाचता येत नाहीत की गल्ली, हे मास्तरांना आता कळेनासं झालं होतं. समॉननं शेवटची मुदत दिली होती: पाण्यात दिवे सोडायच्या पौर्णिमेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सही.

म्हणूनच, जन्मात कधी नवस न बोललेल्या मास्तरांनी आठवड्यापूर्वी नवस बोलला होता.

राखणदाराला मोघम चालत नाही, हे लेम सोनमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आपलं नाव, जन्मतारीख, काय हवं, कधीपर्यंत हवं, बदल्यात काय देणार, सगळं खणखणीत सांगावं लागतं. मास्तर तर पेशानंच काटेकोर. साथीच्या आधीच्या शेवटच्या चांगल्या हंगामाची पाहुण्यांची वही त्यांनी काढली आणि देवळापुढे उभं राहून एकेक नाव खोली नंबरासकट वाचलं. 'ही माणसं परत आण. बाराही खोल्या भर. नऊ नर्तकी नाचवीन.' दहा नंबरला त्यांचं स्वतःचंच नाव निघालं. बायको इथल्या इस्पितळात शेवटचे दिवस काढत होती तेव्हा ते त्याच खोलीत राहिले होते. ते नाव गाळणं त्यांना लबाडी वाटली. त्यांनी तेही वाचलं.

आज हार घालून ते वळले, तर लामदुआन दारात उभी. वीस वर्षं खोल्या झाडणारी बाई.

"मास्तर, पाहुणे कधी आले? मला सांगायचंत तरी. चार, सात आणि नऊच्या चादरी ओल्या आहेत."

"कोण पाहुणे?"

"चारला आपले हल्वोर्सन आजोबा. उशी जमिनीवर, डोकं पायथ्याकडे. आणखी कोण झोपतं असं?"

मास्तर तिच्यामागून वर गेले. चार नंबरची चादर दमट होती, घडीघडीत बारीक वाळू. खोबरेल तेलाचा वास येत होता, उन्हात अंगाला लावतात तसल्या तेलाचा, आणि त्याखाली दुसरा एक वास, भरतीनंतर खडकांत अडकून राहिलेल्या पाण्याचा. समॉन आली, तिनं किल्ल्यांच्या फळीकडे पाहिलं. तीन खिळे रिकामे होते.

"कुणीतरी फुकटे घुसलेत," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत तिन्ही कुलपं बदलून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाच खोल्या लागल्या होत्या. पाचव्या दिवशी नऊ. नव्या किल्ल्या फळीवरून जात होत्या, दुपारी परत येत होत्या. हाताला गार लागायच्या. सकाळी अंगणातल्या खुर्च्यांवर टॉवेल पसरलेले दिसू लागले. जुन्या पाहुण्यांची ती खोडच होती: न्याहारीच्या आधी टॉवेल टाकून खुर्ची अडवायची, मग दिवसभर दुसऱ्यानं तिकडे बघायचंही नाही. समॉन रोज पातेलंभर भाताची पेज रांधायची. दुपारी ते पातेलं तसंच्या तसं मागे यायचं.

गल्ली मात्र खवळली.

"नऊ खोल्या लागल्या म्हणतेस, आणि माझ्याकडे एक पाय दाबायला येत नाही!" तोय अंगणात येऊन ओरडली. "कोंडून ठेवलेस का गं त्यांना?"

"कोंडू कशाला? मला दिसले तर कोंडीन ना!"

"माकूळ मासे भाजणारा म्हणतो, दोन जण गाडीपाशी उभे होते. वास घेतला नि गेले. असले कसले पाहुणे?"

"तू मला विचारतेस? त्यांना विचार!" समॉननं हातातला पळा पेजेत आपटला. "सगळे म्हणतात पाहुणे आले, पाहुणे आले. कुठायत? माझी पेज कोण खातंय?"

मास्तरांनी वहीतल्या पत्त्यांवर ई-मेल पाठवायला घेतले. हे आपण आधीच का केलं नाही, म्हणून स्वतःवर चिडत. हल्वोर्सनच्या मुलीचं उत्तर आलं: बाबा साथीच्या पहिल्याच हिवाळ्यात गेले, शेवटपर्यंत तुमच्या समुद्राची आठवण काढायचे. सात नंबरच्या बाईंची भाची, नऊ नंबरच्यांचा मुलगा, सगळ्यांकडून त्याच अर्थाची दोन-चार वाक्यं. हंगामाच्या शेवटी आठवडाभर सात नंबरला राहून गेलेलं जर्मनीतलं एक तरुण जोडपं तेवढं जिवंत निघालं. त्यांनी लिहिलं, यंदा जमायचं नाही, सगळंच महागलंय.

मास्तरांनी चष्मा काढला. जे जिवंत होते त्यांच्या कानी हाक गेलीच नव्हती. ज्यांच्या कानी गेली, ते आले होते.

त्या दुपारी तीनच्या सुमाराला, सगळी गल्ली उन्हानं पेंगत असताना, ते वरच्या लांबट व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आधी काहीच नव्हतं. मग सपातांचा आवाज आला, सावकाश, ओल्या सपातांचा. एका खोलीत नळ उघडून बंद झाला. चार नंबरच्या दाराखालून पाण्याची एक रेघ बाहेर आली आणि त्यांच्या पायांशी थांबली. मास्तरांनी, लहानपणी आईनं शिकवल्याप्रमाणे, परक्या खोलीच्या दारावर तीनदा टकटक केली.

आत पलंग करकरला. कुणीतरी उठून दाराशी आलं असावं. दाराच्या पलीकडून, अगदी त्यांच्या तोंडासमोर, श्वास ऐकू येत होता... मग तोही थांबला, जणू पलीकडचाही कान देऊन ऐकत होता.

मास्तर जिना कसा उतरले ते त्यांना आठवेना. खाली लामदुआन चादरी पिळत होती.

"आज अकरा खोल्या झाल्या," ती म्हणाली. आता तिचाही आवाज उतरला होता. "दहा नंबर तेवढी कोरी आहे. घडीसुद्धा मोडली नाही."

रात्रीच्या जेवणाला बहीणभाऊ समोरासमोर बसले. पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

"नर्तकी बोलावतो," मास्तर म्हणाले. "उद्याच."

"कशासाठी? नवस फळला म्हणून?" समॉननं ताट सरकवलं. "दादा, यांनी कुणी एक नारळ घेतला का? कुणी भांडलं, हसलं, बिछाना वाईट म्हणालं? मला माणसं हवी होती. आणि बारा खोल्या भर असं तूच बोललास ना? दहा नंबर रिकामी आहे. नवस पुरा झालेला नाही."

"म्हणूनच."

"म्हणजे काय?"

दहा नंबरचं नाव तिला सांगायचं धैर्य मास्तरांकडे नव्हतं. आपण चुकत असू, असंही त्यांना वाटलं, आयुष्यभर वाटत आलं होतं तसं. पण हिशेब बारावर जायच्या आत मिटवला, अकरावरच 'भरून पावलो' म्हटलं, तर राखणदार कदाचित थांबेल.

"कर तुला करायचं ते," समॉन म्हणाली. "पौर्णिमा झाली की मी सही करणार. घेऊ देत कंपनीला ही जागा, पाहुण्यांसकट."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता नवसाचा नाच करणाऱ्या सायबुआबाई आपल्या आठ पोरींना घेऊन आल्या. मुकुट, जरीचे खांदे, घामानं ओघळलेली पावडर. नवसाचा नाच देवाकडे तोंड करून असतो, माणसांकडे पाठ. मास्तरांनी देवळापुढे गुडघे टेकले. "अकरा आले," ते पुटपुटले. "अकरा पुष्कळ झाले. आम्ही भरून पावलो... आता पुरे." ढोलकी सुरू झाली तसे ते उठून घरात गेले आणि समॉनशेजारी स्वयंपाकघरात बसले. अंगणाकडे दोघांनीही पाहिलं नाही. पाऊण तास घुंगरू वाजत राहिले.

मग सायबुआबाई घाम पुसत आत आल्या. चेहरा फुललेला.

"समॉनताई, लेम सोन सावरलं म्हणायचं! दोन वर्षं आम्ही नुसत्या देवासमोर नाचतोय, बघायला कुत्रं नसतं. आज मागे नुसती दाटी! खुर्च्या करकरत होत्या, टाळ्या पडत होत्या. देवाकडे पाठ करता येत नाही, नाहीतर वळून नमस्कार केला असता."

समॉन उठून उभी राहिली.

"तशी शिस्तीची माणसं हं," सायबुआबाई पाणी पिता पिता म्हणाल्या. "ढोलकी सुरू झाल्यावर मी देवाकडे तोंड ठेवूनच, हात मागे करून पुढच्या मधल्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवायला गेले, तर मागून कुणीतरी म्हातारं मोडक्या बोलीत म्हणालं, तिथे नको, ती जागा धरलेली आहे. कुणासाठी म्हटलं, तर... दहा नंबर. म्हटलं, बरं बाबा, राहू दे."

मास्तर अंगणात आले. सूर्य पाण्याला टेकला होता. खुर्च्या देवळासमोर अर्धगोलात मांडलेल्या होत्या. त्या कुणी मांडल्या होत्या कोण जाणे. त्यांच्यावरचे टॉवेल निथळत होते, खाली वाळूत काळे डाग पडत होते.

पुढच्या मधल्या खुर्चीवर एक टॉवेल नीट घडी करून ठेवलेला होता. कोपऱ्यात समॉनच्या हातचा, निळ्या दोऱ्यानं भरलेला दहाचा आकडा. मास्तरांनी त्याला हात लावून पाहिलं.

तेवढा एकच टॉवेल अजून कोरडा होता.