न निथळणारा ढब्बू

ढब्बूच्या अंगावरचं पाणी खाली पडायलाच तयार नव्हतं, आणि असं का होतंय ते चंपीला कळत नव्हतं.

चंपी हा चंद्रावरच्या वसाहतीतला यंत्रमानव. कुत्र्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, ही त्याची कामं. तो पृथ्वीवर तयार होऊन नुकताच इथे आला होता, आणि वसाहतीत राहणाऱ्या शाल्मली नावाच्या मुलीचा अस्वलासारखा केसाळ कुत्रा ढब्बू हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. सकाळी ढब्बू भाजीघरातल्या चिखलात मनसोक्त लोळला होता, म्हणून शाल्मलीची वैजयंतीआत्या दोघांना इथे घेऊन आली. आत्या वसाहतीच्या पाण्याची व्यवस्था पाहणारी शास्त्रज्ञ. ढब्बूला चंपीच्या स्वाधीन करून ती शेजारच्या टाकीघरात गेली होती.

साबण लावून झाला, धुऊनही झाला. पण पाणी केसांत जेलीसारखं थरथरत तसंच राहिलं. चंपीने गरम हवा सोडली, तर ते उडण्याऐवजी मानेवरून सरकत ढब्बूच्या तोंडाकडे निघालं. बघता बघता नाकावर पाण्याचा जाड थर बसला. ढब्बू शिंकला, ठसकला, धडपडायला लागला. तसं चंपीने त्याला आणखी घट्ट धरलं, कारण ओल्या कुत्र्याला हलू द्यायचं नाही असं त्याला शिकवलेलं होतं. शाल्मली टॉवेलने नाक पुसायची, की मागून नवं पाणी सरकत यायचं. टॉवेल चिंब झाला. ती जिवाच्या आकांताने आत्याला हाका मारू लागली.

आत्या धावत आली. एका नजरेत तिला सगळं कळलं.

"चंपी, सोड त्याला," ती म्हणाली. "त्याला अंग झाडू दे."

ढब्बूने अंग झाडलं मात्र, त्याचे पायच जमिनीवरून सुटले आणि तो हवेत गिरकी खाऊन आडवा पडला. चंद्रावर त्याचं वजन इतकं कमी, की पाय रोवले जाईनात.

"पाय धरायला हवेत," शाल्मली म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून तिने त्याचे मागचे पंजे जमिनीशी दाबून धरले. पुढचे चंपीने धरले.

मग ढब्बू नाकापासून शेपटीपर्यंत घुसळून निघाला. पाण्याचे हजारो थेंब चहूकडे उधळले आणि अगदी सावकाश, लांबलचक कमानी करत छताकडे चढले. खिडकीतून येणाऱ्या उन्हात प्रत्येक थेंब पेटल्यासारखा लखलखला. क्षणभर खोलीभर तारेच तारे झाले. शाल्मली तोंड उघडं ठेवून पाहत राहिली. ते तारे हळूहळू तिच्या केसांवर, गालांवर उतरले. ढब्बूने एक लांब, मोकळा श्वास घेतला आणि तिचा हात चाटला.

तिला रडू आलं आणि हसूही. मग तिने विचारलं, की जे पाणी खाली पडत नव्हतं, ते उडालं कसं?

आत्याने समजावून सांगितलं. पृष्ठताणामुळे (पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, त्या ओढीमुळे) थेंब केसांत अडकून राहतात. पृथ्वी त्यांना जोरात खाली खेचते, म्हणून कुत्रा निथळतो. चंद्राची ओढ तिच्या सहाव्या हिश्शाएवढीच; ती कमी पडली. पण अंग झाडताना ढब्बूची सैल कातडी वेगाने एकीकडे जाते आणि झटकन उलट फिरते. केस फिरतात, थेंब मात्र जडत्वामुळे (चालू असलेली वस्तू त्याच दिशेने चालत राहू पाहते, त्या गुणामुळे) पुढेच जातो आणि सुटतो. पृथ्वीवरच्या बसने करकचून ब्रेक लावला की आपण पुढे फेकले जातो, अगदी तसंच.

"आणि जडत्व चंद्रावर कमी होत नाही?"

"कुठेच होत नाही. मंगळावर नाही, दोन ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतसुद्धा नाही."

शाल्मली ढब्बूकडे बघत राहिली. शाळेत कधी न गेलेल्या तिच्या कुत्र्याच्या अंगात साऱ्या विश्वाला लागू पडणारा नियम मुरलेला होता. आत्या चंपीला नवी पद्धत शिकवायला बसली: आधी पंजे धरायचे, मग झाडू द्यायचं. कधीतरी मंगळावर जाणाऱ्या कुत्र्यांनाही ती उपयोगी पडेल, असं ती म्हणाली.

शाल्मलीच्या ओल्या केसांतून एकही थेंब खाली पडत नव्हता. तिने जमिनीत रोवलेला कठडा घट्ट धरला, डोळे मिटले आणि मान जोरात झाडली.