सतरा मिनिटांचा धवला

सूरजने स्वतःच बोलावलं होतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणी म्हणायला नको की प्रणित चोरासारखा घरात शिरला. रविवारची दुपार होती. ठाकुर्लीत सूरजच्या घरी पंखा फुल्ल, समोर चहा-बिस्किटं आणि टेबलावर नवीकोरी हार्ड डिस्क. "लायब्ररी तूच शिफ्ट कर रे, माझा माझ्यावर भरवसा नाय," सूरज म्हणाला, आणि वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून घर त्याच्यावर सोडून गेला.

प्रणित वागळे इस्टेटमध्ये स्पीकर-अँप्लिफायर दुरुस्तीच्या वर्कशॉपला कामाला, आणि लग्नसराईत सूरजसारखाच डीजे. हे काम त्याला डोळे मिटून जमणारं. डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात गाणी नसतातच, गाण्यांचे पत्ते असतात. गाणं कुठे ठेवलंय, कुठून उचलायचं, किती वेळा वाजलं, एवढंच. गाणं पुसलं की त्याच्या नावापुढे लाल खूण येते आणि हातात नुसती नावांची यादी उरते.

सूरजच्या यादीत एक नाव होतं, 'मालू मावशी – धवला'. सतरा मिनिटं. मालूबाई म्हणजे प्रणितची आई.

बाळकुममध्ये मालूबाईंना कोण ओळखत नव्हतं! धवलारीण होत्या त्या. आगऱ्यांच्या घरात लग्न म्हटलं की आधी धवलारणीने गायचं, देवांना आणि घरातल्या गेलेल्यांना नावानिशी आवतण द्यायचं, मग बाकी सगळं. प्रणितला त्याची लाज वाटायची, खोटं कशाला बोला. चार वर्षांपूर्वी एका हळदीला धवला लांबला, तेव्हा या दिवट्याने भर मांडवात आईचा माइक बंद केला आणि बेस सोडला. "आटप गं आई, पोरं ताटकळलीत." मालूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या बायकांत जाऊन बसल्या. त्यानंतर प्रणितच्या कार्यक्रमात त्या कधी गायल्या नाहीत.

गायल्या त्या सूरजपुढे. घर मूळचं कोकणातलं, आगरी बोली धड बोलता येत नाही, पण हा पठ्ठ्या माइक घेऊन बाळकुमला आला, मालूबाईंच्या ओटीवर मांडी घालून बसला आणि सगळं रेकॉर्ड करून गेला. सहा महिन्यांत मालूबाई गेल्या. तेव्हापासून सूरजची प्रत्येक हळद त्या आवाजाने सुरू व्हायची. ना बीट, ना काही. नाचायला आलेली पोरं गप उभी राहायची, बायकांचे डोळे भरायचे. आणि वर त्या प्रणितलाच येऊन सांगायच्या, "आईचा आवाज जपला हो त्या पोराने."

प्रणित जळायचा. आई माझी आणि कौतुक त्याचं? सूरज तीनदा लॅपटॉप घेऊन घरी आला होता. "मावशी शेवटी काय बोलली ते तरी ऐक रे," म्हणाला होता. तिन्ही वेळा प्रणितने वेळ नाही म्हणून सांगितलं. स्वतःच्या आईचा आवाज दुसऱ्याच्या मेहेरबानीवर ऐकायचा, हे त्याला सहन होण्यातलं नव्हतं.

तर त्या दुपारी त्याने धवला आपल्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि सूरजकडचा पुसला. एकच फाईल गेली तर संशय येणार, म्हणून बाकीचंही पुसलं. अकरा हजार गाणी, सूरजची नऊ वर्षांची मेहनत.

"डिस्क करप्ट झाली रे. काहीच वाचलं नाही."

सूरज लाल खुणांची यादी बराच वेळ खाली सरकवत राहिला. अकरा हजारांबद्दल एक अक्षर काढलं नाही. "मावशीचं पण?" एवढंच त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला प्रणित कामावरून आला, ओटीवर लॅपटॉप उघडला आणि हेडफोन लावून धवला सुरू केला. पडद्यावर आवाजाची रेघ उठत होती, पडत होती. कानात काही नाही. त्याने वायर बदलली. दुसरा हेडफोन आणला. आपलं एक हळदीचं गाणं लावून पाहिलं, तर ते दणदणीत वाजलं. शेवटी मोठा स्पीकर जोडून आवाज वाढवला. ओटीवर शांतता. मागच्या टॉवरच्या बांधकामावरचा ड्रिल तेवढा स्वच्छ ऐकू येत होता. त्याने स्पीकरच्या पडद्याला बोट लावलं. पडदा थरथरत होता.

कणकेच्या हातांनी दक्षता, त्याची बायको, बाहेर आली. उंबऱ्यात उभी राहिली, मग खालीच बसली.

"आईंचा आवाज," ती म्हणाली. "कुठे मिळाला तुम्हाला?"

ती रडत होती. प्रणितने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. सहा वर्षांची मैथिली आईला चिकटून बसली आणि मान डोलवायला लागली. सतरा मिनिटं संपली.

"शेवटी काय बोलली आई?" त्याने विचारलं.

"आता समोर तर ऐकलंत."

"तू सांग."

"आई म्हणतात..." दक्षता म्हणाली. आणि पुढे तिचे ओठ हलले. ड्रिल चालू होता. रस्त्यावरून टेम्पो गेला, तोही ऐकू आला. ओठ थांबले. त्याने तिला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच. मग त्याने पेन तिच्या हातात दिलं. विचित्रच माणूस, अशा नजरेने बघत तिने कॅलेंडरच्या मागे लिहिलं:

'झाला ना? आता पयलं माझ्या प्रणितला आयकव. त्याने आयकला का मंग तू कुठं पन वाजव.'

प्रणितने ते कितीदा वाचलं कोण जाणे.

पण हट्टी माणूस. आईचा आवाज मला नाही म्हणजे काय! रोज साडेपाचला तो धवला लावायचा, दोन-दोनदा, आणि स्पीकरवर हात ठेवून बसायचा. दक्षता कामं टाकून ऐकायची. मैथिली पायरीवर बसून ऐकायची. त्याला दोघींचाही राग यायचा.

बाराव्या दिवशी, सुट्टी होती तेव्हा, तो सकाळीच कशेळीचा पूल ओलांडून बाइकने ठाकुर्लीला गेला आणि सूरजपुढे पेन ड्राइव्ह ठेवला. सूरजला आश्चर्य वाटलं नाही. त्याने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

मालू मावशी – धवला. लाल खूण तशीच होती. फाईल सापडत नव्हती. पण वाजल्याचा आकडा दोनशे बारावरून दोनशे चौतीसवर गेला होता. शेवटचं वाजलं, काल, पाच अठ्ठेचाळीस.

"मी हात नाही लावला," सूरज म्हणाला. "रोज वाढतोय. मला वाटलंच, तू ऐकत असशील. ऐक की रे. तुझीच आई आहे."

त्याने ड्राइव्ह लावला आणि धवला सुरू केला. डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते प्रणित समोर बसून सतरा मिनिटं नुसतं बघत राहिला. असा हेवा त्याने आयुष्यात कुणाचा केला नव्हता. चोरी केली तेव्हाही नाही.

"ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. धवला सूरजच्या लॅपटॉपवर उतरवला आणि आपल्या पेन ड्राइव्हवरची फाईल तिथेच, सूरजच्या देखत पुसली.

दुपारी तो घरी पोचला. आत कुकर चढला होता. पायरीवर मैथिली बसली होती, पाय हलवत. पैंजणं वाजत होती.

तिचे ओठ हलत होते.

"ऐकलंत?" दक्षता आतून म्हणाली. "सगळा पाठ झालाय तिला. अगदी आईंचाच गळा हो."

प्रणित मैथिलीसमोर उकिडवा बसला. कुकरची शिट्टी झाली. पैंजणं थांबली. मैथिलीने गाणं संपवलं असावं, कारण ती हसली. मग त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाली.

ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले.

तो बघत राहिला.

तिने पुन्हा तसंच केलं. मग जरा घाबरून.

"अहो," दक्षता आतून म्हणाली, "पोर केव्हाची हाक मारतेय. ओ द्या की."