वसाहतीतली सभा

यातलं एकही नाव मी बदललेलं नाही. बदलायचं कुणासाठी? त्या दिवशी तिथे आम्ही तिघं होतो. एक जण केव्हाच वारला, एक जण आता फक्त फोनवर भेटतो, आणि तिसरी मी.

तारीख २२ ऑक्टोबर १९८३. शनिवार. जागा मोहावीच्या वाळवंटात, आमच्या बार्स्टो गावापासून चौदा मैल पश्चिमेला.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि चांगलं पिवळं ऊन पडलं होतं.

म्हणूनच मला आजही उन्हाची भीती वाटते.

त्या जागेला आमच्याकडे सगळे नुसतं ‘वसाहत’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला शे-दोनशे समाजवादी माणसं शहर सोडून तिथे राहायला आली होती. मालक नको, मजूर नको. शेत सगळ्यांचं, गुरं सगळ्यांची, स्वयंपाकघर एकच. आणि कुठलीही गोष्ट ठरवायची ती सभा भरवून, हात वर करून. तीन-चार वर्षांत पाणी आटलं, भांडणं लागली, माणसं पांगली. आता दोन दगडी धुराडी उभी आहेत, थोडे खांब आहेत, आणि भरपूर फुटक्या बाटल्या.

माझे आजोबा, ऑरिन प्रुइट, लहानपणी दोन वर्षं तिथे राहिले होते.

एवढंच आम्हाला माहीत होतं. ते त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. पश्चिमेला कुठे जायचं झालं तर वीस मैलांचा वळसा घेतील, पण त्या रस्त्याने जाणार नाहीत. आणि त्या शुक्रवारी जेवताना, एकदम म्हणाले, “उद्या मला वसाहतीवर घेऊन चला.”

आजोबा तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. मी सव्वीस. शाळेची बस चालवायचे मी. माझा मोठा भाऊ क्लीव तीस वर्षांचा, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा. त्याच ट्रकमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीने बसून निघालो.

क्लीवचं तोंड कधी गप्प नसायचं.

“काय आजोबा, कम्युनिस्टांच्या भुतांना भेटायला निघालात काय?”

“कम्युनिस्ट नव्हते ते. समाजवादी होते.”

“फरक काय?”

“तुझ्यासारख्याला समजावत बसले असते ते. कम्युनिस्टांनी सरळ गाडीतून खाली उतरवलं असतं.”

क्लीव खदखदून हसला. मीही हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मला वाटलं, गार वाटत असेल.

चारच्या सुमाराला पोचलो. ऑक्टोबरातला आमचा वारा म्हणजे टोपी डोक्यावर राहू देत नाही. गाडीचं दार उघडायलाही जोर लावावा लागला. पण त्या दोन धुराड्यांच्या मधल्या जागेत पाऊल टाकलं, आणि...

वारा थांबला.

कमी झाला नाही. थांबला. दहा पावलांवर झुडपं वाकत होती आणि माझा केसही हलत नव्हता.

“ही सभेची खोली,” आजोबा म्हणाले. “जेवणही इथेच. सकाळी गाजरं, रात्री गाजरं. मी नंतर आयुष्यात गाजर खाल्लं नाही.”

खोली कसली, नुसती माती होती. छप्पर नाही, भिंती नाहीत. आजोबा काठी न टेकता चालत गेले आणि एका ठिकाणी थांबून खाली बसले. जागा ठरलेली असावी तसे.

क्लीव कचरा उपसत होता. त्याला एक जुनी निळी बाटली सापडली. अखंड. त्याने ती पुसून उन्हात धरली.

“हिला खिडकीत ठेवतो मी.”

“ठेव ती खाली,” आजोबा म्हणाले.

“का?”

“इथलं सगळं सगळ्यांचं आहे.”

क्लीवने मान वळवून चहूकडे बघितलं. वाळू, दगड, लांबवर जोशुआ नावाची काटेरी झाडं. मग हसून म्हणाला, “हो का? आणि सगळे आहेत कुठे?”



क्लीव शीळ घालत बाटली ट्रकमध्ये ठेवायला निघाला. ट्रक रस्त्यावर होता, पाचेक मिनिटांवर. तो गेल्यावर आजोबांनी मला शेजारी बसवलं आणि सांगितलं. एका दमात, माझ्याकडे न बघता.

१९१७चा जानेवारी. ते नऊ वर्षांचे होते. वसाहतीत एमिल हास नावाचा मेकॅनिक होता. त्याची मुलगी ट्रूडी तापाने आजारी होती. त्याने कोठीतून दुधाचे दोन डबे न विचारता उचलले. सभा भरली. हासला बायको-मुलीसह वसाहतीतून काढायचं की नाही.

“मी इथे बसलो होतो. वडिलांच्या शेजारी. मुलांना मत नव्हतं. पण आजूबाजूच्या सगळ्यांनी हात वर केले, म्हणून मीही केला. गंमत म्हणून. मोजणारा माणूस रांगेतून गेला आणि त्याने माझा हात मोजला.”

“मग?”

“काढायच्या बाजूने बावन्न. विरोधात एक्कावन्न.”

मी मनातल्या मनात त्यांचा हात वजा केला.

“वडिलांनी बघितलं होतं, मार्लिस. माझा हात मोजलेला त्यांनी बघितला होता. ते गप्प बसले.”

दुसऱ्या दिवशी हास कुटुंब निघालं. पायी. घोडे सगळ्यांचे होते, म्हणजे आता त्यांचे नव्हते. बार्स्टोचं स्टेशन चौदा मैलांवर आणि बर्फ पडत होतं.

“ट्रूडी स्टेशनापर्यंत पोचली नाही.”

आजोबांनी डोळे पुसले नाहीत. हात पुन्हा मांड्यांखाली होते. मला तेव्हा कळलं की ते आयुष्यभर असेच बसत आले होते.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात लक्षात आलं...

क्लीवची शीळ ऐकू येत नव्हती.

मी वळून बघितलं. तो रस्त्याच्या अलीकडेच होता, खडीवरून चालताना दिसत होता. पण पावलांचा आवाज नव्हता. त्याच्या डोक्यावरून एक कावळा पंख फडफडवत गेला. त्याचाही आवाज नाही.

आणि मग, माझ्या पाठीमागून...

बाक सरकवल्याचा आवाज आला.

लाकडावर लाकूड घासल्याचा. आम्ही मातीत बसलो होतो.

मी आजोबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मागे बघू नकोस,” ते म्हणाले.

आणखी एक बाक. मग बूट. बरेच बूट, लाकडी जमिनीवर. कुणीतरी खोकलं. कुणीतरी बाळाला ‘श्श’ केलं.

मग सगळं शांत.

रिकाम्या जागेची शांतता वेगळी असते. ही तशी नव्हती. खोली भरून माणसं बसली असली आणि कुणीच बोलत नसलं, की जी असते ना... ती होती.

पुढच्या धुराड्यापाशी एका पुरुषाचा आवाज सुरू झाला. वाचून दाखवल्यासारखा, एका सुरात. शब्द मला लागत नव्हते. आजोबांना लागत होते. ते ओठ हलवत ऐकत होते, आणि अचानक त्यांनी माझं मनगट पकडलं.

“हास नाही,” ते पुटपुटले. “हासचं नाव नाही घेत आहेत.”

“मग कुणाचं?”

उत्तर यायच्या आत तो आवाज थांबला.

आणि कापड सळसळलं. एकदम. शंभर बाह्या एकाच वेळी वर गेल्यासारखं.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

माझा उजवा हात वर होता.

कुणी ओढला नव्हता. हिसका बसला नव्हता. अंगात कुणी शिरलं वगैरे काही नाही. सगळे करत होते आणि माझा हात गेला, बस. शाळेत जातो तसा.

पावलं रांगेतून येऊ लागली. पावलागणिक एक आकडा. अडतीस... एकोणचाळीस... चाळीस... आता मला शब्द नीट लागत होते. पावलं माझ्यासमोर थांबली. समोर कुणी नव्हतं. ऊन होतं. पण मनगटावर श्वास लागला. गार.

“एकेचाळीस.”

तेव्हा कुठे आजोबांनी दोन्ही हातांनी माझा हात खाली ओढला. “खाली घे! पोरी, खाली घे!” ते ओरडत होते. मग ते उठून उभे राहिले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस. त्या रिकाम्या मातीकडे बघून, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले,

“तो माझा नातू आहे! बाटलीच घेतली ना त्याने? माणूस का घालवता? विरोधात! माझं मत विरोधात!”

त्यांचा हात वर होता. 

 मग, अगदी मागून, कुठेतरी एक दार उघडल्याचा आवाज आला...

आणि वारा परत आला. तोंडावर वाळूचा सपकारा बसला.

मी आजोबांना धरून ट्रककडे निघाले. जवळजवळ उचलूनच. ट्रकचं दार सताड उघडं होतं. इंजिन चालू. क्लीवचं जाकीट सीटवर, बूट खाली रस्त्यावर. शेजारी शेजारी, नीट ठेवलेले.

क्लीव नव्हता.

मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. मग आजोबा म्हणाले, “पूर्वेला चल. स्टेशनच्या रस्त्याने.”

दीड मैलावर तो दिसला. भर वाळवंटात अनवाणी, हात बाजूला सोडून, सरळ चालत होता. पाय रक्ताळले होते. मी ट्रक आडवा घातला, उतरले, त्याला धरून हलवलं.

“क्लीव! वेडा झालास का? कुठे निघालास?”

त्याने माझ्याकडे बघितलं. अगदी शहाण्यासारखं.

“जायला सांगितलं ना मला.”

“कुणी?”

“सगळ्यांनी.”

ती बाटली आजोबांनी त्याच संध्याकाळी मला परत नेऊन ठेवायला लावली. मी पळत गेले, पळत आले. काही झालं नाही. काही उपयोगही झाला नाही.

आजोबा मार्चमध्ये गेले. झोपेत. त्या शनिवारबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही.

क्लीवचे पाय बरे झाले. थट्टा मात्र बंद झाली. नाताळच्या आधी त्याने नोकरी सोडली. विचारलं तर म्हणाला, “तिथे कुणाला मी नकोय.” मी त्याच्या मालकाला भेटले. मालक बिचारा गोंधळला होता. म्हणाला, “अहो, आम्ही तर त्याचा पगार वाढवणार होतो.”

मग लास वेगास. मग एली नावाचं गाव. मग युटामध्ये कुठेतरी. कुठेच सात-आठ महिन्यांच्या वर नाही. एक बायको झाली, चांगली होती. एका सकाळी तिलाही सोडून निघाला. तिने मला रडत फोन केला, “भांडण नाही, काही नाही. नुसतं म्हणाला, ठरलंय.”

एकदा तो माझ्याकडे जेवायला आला होता. १९९६ साली. माझी मुलं लहान होती. जेवण छान झालं, तो बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटत होता. मग माझ्या नवऱ्याने, त्याला काही ठाऊक नव्हतं, सुरी हातात घेऊन विचारलं, “केक कुणाकुणाला हवाय? हात वर करा!”

सगळ्यांनी हात वर केले.

क्लीव उठला. खुर्ची आत सारली. कोट घेतला आणि बाहेर पडला. मी अंगणापर्यंत धावले. तो म्हणाला, “असू दे मार्लिस. राग नाही माझा.” त्यानंतर तो माझ्या घरी आलेला नाही.

त्या शनिवाराला आता चाळीस वर्षं होऊन गेली. क्लीव बहात्तर वर्षांचा आहे. एका जुन्या फिरत्या घरात राहतो, वाटेल तिथे लावतो. रविवारी फोन करतो. हवा, गुडघे, डिझेल. एवढंच बोलतो.

गेल्या रविवारी मात्र त्याने विचारलं.

“मार्लिस, त्या दिवशी तू आत होतीस ना?”

मी हो म्हटलं.

“माझ्या बाजूने कुणी बोललं का गं?”

“आजोबा बोलले. उभे राहून बोलले. हात वर करून.”

 मग तो म्हणाला, “बरं वाटलं ऐकून.”

आणि मग...

“आणि तू?”

मी म्हटलं, “क्लीव? हॅलो? तुझा आवाज तुटतोय. मला काही ऐकू येत नाहीये.”

आवाज अगदी स्वच्छ येत होता.