दुसरा खडा

"हुबेहूब आहे. आणि तिथंच तर घोडं पेंड खातंय," कपाळावरची भालपट्टी काढून टेबलावर ठेवत डॉ. सुनेत्रा अंबर्डेकर म्हणाल्या.

पुण्याच्या पश्चिमेला, टेकड्या संपतात तिथे, 'दूरदेश' कंपनीची प्रयोगशाळा होती. नावाला प्रवास कंपनी, पण खरा धंदा जाहिरातीचा. सहल विकायला एके काळी छापील पत्रक पुरायचं. मग फोनवरच्या फिल्मा आल्या, मग त्या फिल्मांत टोपी घालून 'मित्रांनो' म्हणणारी मंडळी आली. तेही सगळं आता मागे पडलं होतं. आता होता पूर्वानुभव. भालपट्टी कपाळाला लावायची, की नव्वद सेकंद तुम्ही थेट कड्यावर उभे! वारा लागतो, गवताचा वास येतो, खाली बघितलं की पोटात गोळासुद्धा येतो. पट्टी निघते आणि बोट आपोआप 'आरक्षण करा'वर जातं. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दूरदेशने ते दिवाणखान्यात आणून आणखी साजरे केले. आणि ही करामत सुनेत्राबाईंचीच होती.

"चारशे बारा ठिकाणं," समोर बसलेले डॉ. नौशाद मुजावर म्हणाले. स्मृतिविज्ञान हा त्यांचा विषय. "सहलीनंतर सहा महिन्यांनी आपण प्रत्येक पाहुण्याला विचारतो, काय आठवतं? चारशे अकरा ठिकाणी उत्तर एकच. 'गेलो होतो बहुतेक.' बहुतेक! बायको म्हणते गेलो, नवरा म्हणतो छे, ते आपण पट्टीत बघितलं. फोटो काढून दाखवावा तेव्हा भांडण मिटतं."

"पण का? ठिकाणं तर तीच आहेत."

"मेंदू महाकंजूस आहे, मॅडम. दिसेल ते साठवत नाही. तो सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज बरोबर आला की म्हणतो, यात नवीन काय? आणि तो क्षण टाकून देतो. अंदाज चुकला की दचकतो. त्या दचकण्याला आपण अपेक्षाभंग-संकेत म्हणतो. तो उमटला तरच आठवणीचा ठसा बसतो. आता तुमचा पूर्वानुभव इतका अचूक, की कड्यावर पोचल्यावर अंदाज चुकायला जागाच उरत नाही."

सुनेत्राबाईंनी भालपट्टी टेबलावर उलटी करून ठेवली. अकरा वर्षं राबून त्यांनी लोकांना सहली विकल्या होत्या आणि विकतानाच त्यांच्या आठवणी खाऊन टाकल्या होत्या. त्यांना फार वाईट वाटलं.

"आणि चारशे बारावं ठिकाण?"

"कुंभेळीचा कडा. चंदगडकडे, घाटमाथ्यावर. तिथल्या पाहुण्यांना सगळं आठवतं. वाटाड्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा! वाटाड्या एकच आहे, धाकू झोरे, वय अठ्ठावन्न, तीस वर्षं हेच काम. आणि गंमत म्हणजे येत्या शुक्रवारी आपली यंत्रणा त्याचं नाव वाटाड्यांच्या यादीतून उडवणार आहे."

प्रत्येक वाटाड्याच्या गळ्यात कंपनीने एक छोटा कॅमेरा अडकवला होता. सगळे त्याला 'गळ्यातला डोळा' म्हणत. तो डोळा बघायचा आणि यंत्रणा दोष लिहायची. साठ दोष झाले की नाव गेलं. धाकू झोऱ्यांचे एकसष्ट झाले होते. पाहुण्यांना आखलेल्या वाटेने नेत नाही. ठरवून दिलेलं निवेदन बोलत नाही. दृश्याकडे पाठ करून उभा राहतो. दृश्याकडे पाहण्याचा काळ: शून्य. यादीत नसलेल्या वाटाड्याकडे हल्ली कुणी फिरकत नसे. नाव गेलं तर धाकू झोऱ्यांना या वयात शहरात जाऊन पहारेकऱ्याची नोकरी धरावी लागणार होती. शेवटचा अभिप्राय सुनेत्राबाईंचा होता.

"तुम्ही गेला होतात का तिथे?" नौशादनी विचारलं.

"नाही. पूर्वानुभव प्रत्यक्षाशी जुळतो का, ही त्या भागाची पडताळणी तुम्हीच केली असेल."

"केली असेन बुवा. पन्नास दिवसांत चाळीस ठिकाणं आपण वाटून घेतली होती, कोण लक्षात ठेवतो!"

बुधवारी सकाळी सुनेत्राबाई कुंभेळीत उतरल्या. खांद्याला लाल पिशवी, मनगटावर अपेक्षाभंग टिपणारा संकेतमापक. आठ घरांचं गाव. पुढे येऊन नमस्कार केला तो माणूस काटक, डोक्याला मुंडासं, गळ्यात तो डोळा, आणि मागे शेपूट हलवणारं काळं कुत्रं.

"या ताई. पुन्हा आलासा, लई बरं वाटलं."

सगळेच वाटाडे असं म्हणतात. कंपनीच शिकवते तसं. सुनेत्राबाई मनाशी हसल्या आणि सरळ म्हणाल्या, "मामा, खरं सांगते, मी तुमची तपासणी करायला आले आहे."

"करा की! पर आदी चा घ्या."

धाकूमामांच्या बायकोने, गंगुबाईंनी, पितळी भांड्यातून चहा दिला. तपासणी म्हटल्यावर त्या माउलीने स्वतःसाठी ओतलेला चहा तसाच बाजूला ठेवला. ते सुनेत्राबाईंना दिसलं आणि त्यांनी घाईघाईने आपला चहा संपवला.

कड्याची वाट त्यांना पाठ होती. हा पूर्वानुभव तयार करताना त्यांनी तो दोनशे वेळा तरी अनुभवला होता. कारवीची झुडपं संपली की डावीकडे दरी थोडी दिसते, मग उघडत जाते, मग वारा, मग खाली कोकण. पण नेमक्या कारवीपाशी धाकूमामा थांबले.

"आता कड्याकडं पाठ करा."

"म्हणजे?"

"आमची रीत हाय. कड्याकडं तोंड करून कुणी जात न्हाई. ज्या घरानं चा पाजला तिकडं बगत जायाचं. आपुन आलो कुठनं ते आदी बगायचं, मग फुडचं. भिऊ नका, कडंला कमरंएवडी भिंत हाय आन् मी भिंतीला टेकून हुबा ऱ्हातो."

ते पुढे गेले आणि तिथून हाका मारू लागले. "या... या... जरा उजवीकडं... आजून चार पावलं." सुनेत्राबाई उलट्या पावलांनी चालत होत्या. डोळ्यांसमोर आठ घरं, अंगणात गंगुबाई नाचणी पसरताहेत, कुत्रं मध्येच वाटेत बसलंय. डोक्यात पूर्वानुभव चालू होता, पण त्याच्या ओळीने काहीच येत नव्हतं. त्यांच्यातली शास्त्रज्ञ बाई गोंधळली.

"थांबा. वळा आता."

त्या वळल्या. समोर काहीच नव्हतं. भिंत होती आणि भिंतीपलीकडे पांढरं धुकं. गावावर लख्ख ऊन, आणि इथे जग संपलेलं!

"अहो, काहीच दिसत नाही!"

"न्हाई दिसत आज," धाकूमामा म्हणाले. माफी नाही, की उद्या या म्हणून आर्जव नाही.

"मग आणलंत कशाला?"

"कडा हाय की जागंवर. तुमी गप हुबं ऱ्हावा."

त्या गप्प उभ्या राहिल्या. आणि दोन हजार फूट खालून, धुक्याच्या तळातून, एक कोंबडा आरवला. अगदी स्पष्ट. मग कुणा बाईची हाक वर आली, "चंद्रीऽऽ, ये गो, ये!" आणि म्हशीच्या गळ्यातली घंटा. न दिसणाऱ्या त्या जागी कुणाची तरी सकाळ चालली होती. पूर्वानुभवात इथे बासरी होती. ती सुनेत्राबाईंनीच निवडली होती.

मनगटावरचा मापक जोरात थरथरला. त्यांनी भिंत घट्ट धरली. इतकं बरं वाटलं की रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

डोळे पुसून बाजूला पाहिलं, तर धाकूमामा दरीकडे पाठ करून, भिंतीला टेकून, त्यांच्याकडेच बघत होते. दोष क्रमांक तीन.

"मामा, तीस वर्षं रोज हाच कडा. आमच्या शास्त्राप्रमाणे तुम्हाला इथलं काही म्हणजे काही आठवायला नको."

"कड्याचं म्हनाल तर न्हाईच आठवत," मामा हसले. "परवा धुकं हुतं का ऊन, बायकूला इचारा. मी कुटं कडा बगतो? मी मानसं बगतो. वळल्यावर मानसाचं तोंड कसं हुतं, ते बगन्यासारकं असतंय. मी मनात आदीच म्हंतो, ह्यो हसंल, ही 'आई गं' म्हनंल. कंदी बरोबर येत न्हाई! येक रिटायर सुभेदार आलता, ह्या मोट्या मिशा. म्हनलं, ह्याला काय हुतंय? तर त्यानं टोपी काडली आन् मला मिठी मारली. येका नव्या नवरीनं तितंच नवऱ्याला झापलं, आजवर का आनलं न्हाईसा म्हून."

सुनेत्राबाई ऐकतच राहिल्या. रोज अंदाज बांधायचा, रोज चुकायचा. नौशादनी तक्ते मांडून सांगितलेलं सगळं हा माणूस तीस वर्षं भिंतीला टेकून जगत होता.

परतताना खिंडीतल्या देवापाशी ते थांबले. देव म्हणजे शेंदूर लावलेला धोंडा, आणि त्याच्या शेजारी खड्यांची ही मोठी रास. "कडा बगून जानाऱ्यानं येक खडा ठिवायचा," मामा म्हणाले. "दाखवलंस, उपकार झालं, येवडंच म्हनायचं."

सुनेत्राबाईंनी खडा ठेवला. दोन्ही हात जोडले आणि ते शब्द मनापासून म्हटले.

"हां. आता तुमचं दोन झालं."

"दोन कसे?"

"पैला मीच ठिवला हुता की, तुमच्या नावाचा. दोन वर्सांमागं, शिमग्याच्या आदी. चौगं आलतासा गाडीतनं. हीच लाल पिशवी हुती. घाईत हुतासा, रीतीला नको म्हनलासा, सरळ कड्यावर गेलासा. लख्ख ऊन, सगळं कोकन दिसत हुतं. मी तुमच्या तोंडाकडं बगतोय, तर काय बी उमटलं न्हाई. कागदावर सही केलीसा आन् माघारी. तीस वर्सांत तेवडं येकच कोरं तोंड बगितलं, म्हून ध्यानात ऱ्हायलं. वाटलं, बाईला कसलं तरी दुक्क हाय. देवाला म्हनलं, हिला परत आन."

सुनेत्राबाईंनी फोन काढला. पडताळणीची कागदपत्रं उघडली. कुंभेळीचा कडा. 'पूर्वानुभव प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळतो.' खाली सही. त्यांचीच.

त्यांनी तारीख पाहिली, शिमग्याच्या आधीची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा! चारशे अकरा ठिकाणच्या विसराळूंचा अभ्यास करणारी बाई त्यांच्यातलीच एक होती. दोनशे वेळा पट्टीतून पाहिलेल्या कड्यात तो खरा दिवस कधीच मिसळून गेला होता. तो जपून ठेवला होता फक्त या माणसाने.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी खडा ठेवलात आणि मी तुमचं नाव काढायला..."

"ऱ्हाऊ दे ताई. आलासा न्हवं परत?"

त्यांनी तिथेच, धोंड्याशेजारी बसून अभिप्राय लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. "एकसष्टच्या एकसष्ट आक्षेप खरे आहेत. म्हणूनच झोरे यांचं नाव यादीत राहील. कुंभेळीचा पूर्वानुभव आजपासून बंद. नव्या जाहिरातीत कडा दाखवायचा नाही. दरीकडे पाठ करून उभ्या असलेल्या झोऱ्यांच्या गळ्यातल्या डोळ्याने तीस महिने पाहुण्यांचे चेहरे टिपले आहेत. ज्यांची ना नसेल तेवढे चेहरे दाखवायचे. सुरुवात माझ्या दोन चेहऱ्यांनी करावी, आधी कोरा, मग आजचा."

धाकूमामांनी मुंडाशाच्या टोकाने डोळे टिपले. म्हणाले, "गंगीला सांगतो. नाव जानार हे काल कळलं, तवापास्नं जेवली न्हाई ती."

उठता उठता सुनेत्राबाईंनी विचारलं, "मामा, आज मी वळायच्या आधी काय म्हणाला होतात मनात?"

"म्हनलं, धुकं बगून ही बाई चिडनार आन् तरातरा निगून जानार."

"मग?"

"चुकलो की!" धाकूमामा म्हणाले, आणि नातवंड झाल्यासारखे खुशीत हसले.

सुनेत्राबाईंनी वाकून आणखी एक खडा उचलला आणि आपल्या खड्याशेजारी ठेवला. हा धाकूमामांच्या नावाचा होता.